खाडीच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या वाड्या

सिंधुदुर्ग जिल्ह्याला सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा आहे. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या लांबीने तोकड्या. पण समुद्राला मिळण्याआधी त्यांच्या रुंद खाड्या होतात. कालावल, कर्ली, तेरेखोल यांसारख्या खाड्यांच्या काठी मच्छीमारांच्या छोट्या वाड्या आहेत. एका बाजूला माड आणि घरे, दुसऱ्या बाजूला कांदळवन, मध्ये पाणी, असे त्यांचे सर्वसाधारण रूप.

इथला दिवस ठरतो तो भरती-ओहोटीवर. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. त्यामुळे तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ अंदाजे निघते: पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात; तेव्हा पाणी फारसे चढत-उतरत नाही. होडी कधी काढायची, जाळे कुठे लावायचे, हे या हिशेबावर ठरते.

खाडीतली मासेमारी लहान साधनांची. एकट्याने वापरायचे जाळे म्हणजे पाग. त्याच्या घेराला शिशाचे मणी ओवलेले असतात. पागणारा गुडघाभर पाण्यात उभा राहतो, कडेचा एक भाग दातात धरतो आणि अंगाला झोका देऊन जाळे गोल पसरेल असे फेकतो. कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायला चिखलातल्या बिळात लोखंडी आकडा घालतात. ओहोटीला बायका खडकांवरची कालवे फोडतात, वाळूतल्या तिसऱ्या (शिंपल्या) वेचतात. कालवांच्या कडा धारदार असल्याने हातापायांना जखमा ठरलेल्याच. घरापुरते ठेवून उरलेले बाजारात वाटे लावून विकले जाते.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. खाडीतल्या बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर प्रवाहाविरुद्ध वर जाणारे चढणीचे मासेही याच दिवसांत मिळतात. मात्र ते अंडी घालायलाच निघालेले असल्याने बेसुमार पकडले, तर पुढच्या वर्षीचे मासे घटतात.

या साऱ्याचा आधार कांदळवन. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखे वाढून चिखलात पडते. याच वनातल्या तिवराची मुळे श्वासासाठी चिखलाबाहेर डोके काढतात. गळालेली पाने कुजून सूक्ष्म जीवांचे खाद्य बनतात, त्यांवर कोळंबीची आणि माशांची पिल्ले पोसतात आणि मुळांच्या जाळीत मोठ्या माशांपासून लपतात. यातली बरीच पुढे समुद्रात जातात. त्यामुळे कांदळ तुटले, तर खाडीबरोबर समुद्रातल्या मासेमारीलाही झळ बसते. लाटा आणि वाऱ्याचा जोरही हे वन अडवते. पाणमांजर, कोल्हा, खंड्या, बगळे यांचा वावर इथेच.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीला आणि त्यांवरील भरावाला मनाई केली. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. पुढे गावकऱ्यांना कांदळवनाशी निगडित खेकडापालन, कालवपालन असे जोडधंदे मिळावेत म्हणून शासकीय योजना आली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला बचत गटाने होडीतून कांदळवन दाखवण्याचा उपक्रम चालवला. वल्ही मारत झाडे आणि पक्ष्यांची ओळख करून देणाऱ्या या महिलांना झाडे उभी राहण्यातूनच उत्पन्न मिळू लागले.

तरीही वाळूउपसा, सांडपाणी आणि प्लास्टिक यांचा ताण वाढतो आहे. यंत्राने वाळू उपसली की तळ खोल होतो, काठ ढासळतात आणि तिसऱ्यांची जागाच नाहीशी होते. त्याचा पहिला फटका मोठ्या नौका असणाऱ्यांपेक्षा पाग आणि हातहोडीवर जगणाऱ्या घरांना बसतो, कारण त्यांना खाडी सोडून दूरच्या समुद्रात जाता येत नाही.