भाजीचे पाणी : टाकावे की ठेवावे?

आहाराचा धडा शिकवताना एक नियम आपण सगळेच सांगतो. भाजी आधी धुवावी, मग चिरावी आणि शिजवल्यावर तिचे पाणी टाकून देऊ नये, कारण त्यातून जीवनसत्त्वे वाहून जातात. नियम बरोबर आहे. पण पावसाळ्यात आपल्या तालुक्याच्या गावी रानभाज्यांचा महोत्सव भरला, तर भारंगीची कोवळी पाने घेऊन बसलेल्या बाईंना ती भाजी कशी करायची ते विचारून पाहावे. त्या सांगतील, "आधी उकडा, पाणी टाका, पाला घट्ट पिळा, मग फोडणीला घाला." पुस्तक जे करू नका म्हणते, नेमके तेच त्या करायला सांगतात.

मग चूक कोणाची? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ठाकर, कातकरी, वारली किंवा कोकणा घरातील मुलीने घरी रोज पाहिलेली रीत उत्तरपत्रिकेत लिहिली, तर तिचा गुण जातो. गुणाबरोबर आपल्या आईला काही कळत नाही अशी समजूतही तिच्या मनात रुजू शकते. उलट शहरातल्या एखाद्याने पुस्तकातला नियम रानभाजीला लावला, तर त्याचा घसा खवखवेल, पोट बिघडेल किंवा त्याहूनही वाईट काही होईल. आमच्या मते दोन्ही नियम बरोबर आहेत, मात्र ते वेगवेगळ्या वनस्पतींसाठी आहेत. ते कसे, हे पाहू.

झाडाची बाजू

वनस्पतीला पळता येत नाही. पाने कुरतडणाऱ्या अळ्या, गोगलगायी आणि गुरे यांच्यापासून बचाव करण्यासाठी तिने रसायनांचा आधार घेतला आहे. काही वनस्पती कडू द्रव्ये तयार करतात, काही ऑक्झलेट साठवतात, तर काहींच्या अंगात सरळसरळ विष असते. ही द्रव्ये बहुतेक वेळा पेशीतील रिक्तिका नावाच्या पिशवीत बंद असतात.

माणसाने शेती सुरू केल्यावर हजारो वर्षे एकच गोष्ट केली. कमी कडू, कमी खाजरी झाडे निवडायची आणि त्यांचेच बी पुढच्या वर्षी पेरायचे. आपल्या परसातील दुधी, काकडी, वांगी ही या निवडीची फळे आहेत. निवड अधूनमधून फसतेही. एखादा दुधी कडूजहर निघतो, कारण त्यात कुकरबिटॅसिन नावाचे जुने संरक्षक द्रव्य पुन्हा वाढलेले असते. ते शिजवूनही जात नाही. अशा दुधीचा रस प्याल्याने आपल्या देशात गंभीर विषबाधा आणि मृत्यूही झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. म्हणून कडू दुधी टाकूनच द्यावा.

लागवडीच्या भाजीत शेतकऱ्यांच्या शेकडो पिढ्यांनी जे काम बियाण्यात करून ठेवले, ते रानभाजीच्या बाबतीत प्रत्येक वेळी स्वयंपाकघरात करावे लागते. रानभाजीची कृती केवळ चवीसाठी नसते, ती वनस्पतीला खाण्याजोगे करण्याची प्रक्रिया असते.

अळू का खाजते?

सर्वांच्या ओळखीचे उदाहरण अळूचे. अळू, सुरण आणि शेवळ ही एकाच कुळातील भावंडे. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुडग्यांनी असतात. पान चावले की या सुया जिभेत आणि घशात घुसतात. पण खाजेचे कारण एवढेच नाही. अळूच्या कुळावरील संशोधनात असे दिसून आले, की सुया स्वच्छ धुऊन काढल्या तर त्यांची खाज बरीच जाते. म्हणजे सुयांवर आणखी काहीतरी असते. हे 'काहीतरी' म्हणजे प्रथिनांचे तुकडे करणारे विकर असावे असे पुरावे आहेत. सुई भोक पाडते आणि विकर त्या भोकातून आत शिरते, डॉक्टरांच्या इंजेक्शनसारखेच.

या जोडगोळीचा एक सुंदर प्रयोग जपानी शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी किवी फळातील अशा सुया आणि प्रथिने तोडणारे विकर घेऊन एरंडाच्या पानांना लावले व ती पाने एरी रेशमाच्या अळ्यांना खायला दिली. नुसत्या सुयांनी किंवा नुसत्या विकराने अळ्यांना फारसे काही झाले नाही. दोन्ही एकत्र लावताच अळ्या मेल्या. तेच कॅल्शियम ऑक्झलेट सुईच्या आकाराचे नसेल, तर हा परिणाम दिसला नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. अळूत चिंच घालतात कारण 'आंबटाने ऑक्झलेट विरघळते' असे पुष्कळदा सांगितले जाते. पण वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतील एक जुनी ओळखचाचणी वेगळेच सांगते. पेशीतील स्फटिक कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर तो व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लात बुडबुडे सोडत विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेटचा असेल तर विरघळत नाही. चिंचेचे पाणीही असेच सौम्य आम्ल आहे. त्यामुळे अळूच्या फदफद्यात सुया बहुतांशी तशाच राहतात. निकामी होते ते मुख्यतः विकर. विकर हे प्रथिन असल्याने भरपूर उष्णतेने त्याची घडी मोडते आणि आम्लाची जोड मिळाली की ती मोडणे सोपे जाते. म्हणूनच चिंच असली तरी अळू नीट शिजवावेच लागते. अर्धवट वाफवलेली अळुवडी घसा धरते, तर नीट वाफवून मग तळलेली धरत नाही.

कोकणात आणि उत्तर कोकणच्या आदिवासी भागात ही आंबटाची जोडी निसर्गाच्या वेळापत्रकाशी जुळलेली आहे. शेवळाचा कोंब पहिल्या पावसाबरोबर, पाने येण्याआधी जमिनीतून वर येतो. त्याच सुमारास काकडाची हिरवी आंबट फळे धरलेली असतात. ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात शेवळाच्या जुडीबरोबर काकडे मिळतात, ती यासाठीच. शेवळ साफ करताना आतला पिवळसर दाणेदार भाग काढून टाकतात, कारण तो घशाला त्रास देतो. गोव्यात तेरे, म्हणजे रानटी अळू, आंबाड्यांबरोबर शिजते. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू आणि सुरण असतात, आणि चिंच किंवा आंबाडेही असते. प्रदेश बदलला, आंबट बदलले, पण तत्त्व एकच राहिले.

पाणी काय काय नेते?

सुयांचे ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही. पण पालक, माठ, कुरडू यांसारख्या पालेभाज्यांत विरघळणारे ऑक्झलेटही असते. ते आतड्यातून रक्तात जाते आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांना ते त्रासाचे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवेगळ्या भाज्या पाण्यात उकळल्यावर त्यांतील विद्राव्य ऑक्झलेट ३० ते ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले, तर वाफवल्यावर ही घट ५ ते ५३ टक्केच होती. अर्थात उकळल्यावर पाणी फेकले, तरच याचा उपयोग. पाणी भाजीतच आटवले तर ऑक्झलेटही परत भाजीतच.

याला दुसरा उपायही आपल्या घरांत आहे, तो म्हणजे ताकातली भाजी. ताकातील कॅल्शियम पोटात विद्राव्य ऑक्झलेटला बांधून ठेवते आणि त्याचा बराच भाग शोषला न जाता बाहेर पडतो. पालक किंवा चाकवत ताकात करण्याची रीत चवीला जशी चांगली, तशी रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

मात्र ज्या दाराने ऑक्झलेट बाहेर जाते, त्याच दाराने 'क' जीवनसत्त्व आणि फोलेटही जातात, कारण तीही पाण्यात विरघळतात. पुस्तकातील नियमाचे कारण हेच. पाणी टाकल्यावर सगळेच गेले असे मात्र नाही. कॅरोटीन पाण्यात विरघळत नसल्याने ते पिळलेल्या पाल्यात राहते, आणि तेलाच्या फोडणीमुळे शरीराला ते चांगले मिळते. तंतुमय भागही जागेवरच असतो. म्हणून भारंगी उकडून, पिळून, फोडणीला घालणारी बाई भाजीची माती करत नाही. नको असलेले द्रव्य घालवण्यासाठी ती थोडी किंमत मोजते, एवढेच.

कडूकंदाची रात्र

याच तत्त्वाचे टोकाचे उदाहरण म्हणजे कडूकंद. हा करांद्याच्या जातीतील रानटी वेल आहे. त्याच्या कडू जातींत यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. सह्याद्री आणि सातपुड्यातील लोक पूर्वीपासून टंचाईच्या दिवसांत तो खात आले. कंद सोलून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकळायच्या, आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या.

यातील प्रत्येक पायरीला अर्थ आहे. चकती पातळ केली की पृष्ठफळ वाढते आणि द्रव्याला बाहेर यायचे अंतर कमी होते. उकळल्याने पेशींची पटले फाटतात. जिवंत पेशीचे पटल आतील द्रव्य सहसा बाहेर सोडत नाही, त्यामुळे कच्चा कंद नुसता भिजवून फारसे साधत नाही. तिसरी पायरी विसरणाची. पदार्थ जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातो. साचलेल्या पाण्यात थोड्या वेळाने आत-बाहेर सारखेच कडू होते आणि विसरण थांबल्यासारखे होते. वाहते पाणी ही वेळ येऊच देत नाही. विसरणाचा धडा शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही.

पण प्रत्येक विष असे निघत नाही. कळलावीच्या कंदातील कोल्चिसिन उष्णतेला टिकून राहते. श्रीलंकेत हे कंद खाण्याचे कंद समजून शिजवून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून 'उकळले की चालते' असा सरसकट नियम करणे धोक्याचे. कोणत्या झाडाला कोणती कृती, हे ज्ञान त्या झाडापुरतेच असते, आणि झाड ओळखणे ही त्याची पहिली पायरी.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. बीटचे सारख्या आकाराचे दोन तुकडे घ्या. एक थंड पाण्यात, एक गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवा. गरम पाणी लालभडक होते, थंड पाण्यात रंग थोडाच उतरतो. पटल फाटण्याचा हा पुरावा. नंतर सारख्या वजनाचा एक जाड तुकडा आणि पातळ चकत्या घेऊन तुलना करा.

२. अळूच्या देठाचा लहान तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. सुया दिसल्या की कडेने व्हिनेगरचा थेंब सोडा. सुया विरघळतात का? तुलनेसाठी अंड्याच्या कवचावर व्हिनेगर घाला. फळ्यावरचा खडू वापरू नका. तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्यातून बुडबुडे येत नाहीत. देठ हाताळण्याआधी बोटांना तेल लावावे, आणि वर्गात कोणीही काहीही चाखू नये.

३. शिजवलेल्या अळूचा तुकडा तसाच पाहा. सुया आहेत, पण खाज नाही. असे का, यावर मुलांना चर्चा करू द्या.

महोत्सवाला जाताना

संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली ९ ऑगस्ट हा जगातील मूलनिवासी लोकांचा दिवस ठरवला. आपल्याकडे तो आदिवासी दिन म्हणून साजरा होतो, आणि महाराष्ट्रात त्याच्या आगेमागे ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. हे चांगलेच आहे. रानभाजी विकणाऱ्या बायकांना दोन पैसे मिळतात आणि शहरातल्या ताटात नवी चव येते. पण महोत्सवातून पिशवीत जुडी येते, कृती मात्र पुष्कळदा तिथेच राहते. करटोली नुसती परतून खाता येतात म्हणून शेवळही तसेच परतून चालेल असे नाही. कोवळ्या टाकळ्याची भाजी छान होते, पण तो सोनामुखीच्या जातभाईंपैकी आहे, त्यामुळे जून पाने भरपूर खाल्ली तर पोट ढिले होण्याची शक्यता असते. रानभाजीचा कच्चा रस किंवा कोशिंबीर असले प्रयोग तर करूच नयेत.

मुलांना महोत्सवाला न्यायचे असेल तर प्रत्येकाच्या वहीत सहा प्रश्न लिहून द्यावेत. झाडाचा कोणता भाग खातात? तो किती कोवळा असावा? साफ करताना काय काढून टाकतात? आंबट काय घालतात? पाणी ठेवतात की टाकतात? कोणी ही भाजी खाऊ नये? नावे लिहिताना स्थानिक नाव जसेच्या तसे घ्यावे. टाकळ्यालाच विदर्भात तरोटा म्हणतात, फोडशीला कुठे कुलू म्हणतात. झाडाचा नमुना दाबून वहीत चिकटवला, तर नावांचा घोळ पुढे सोडवता येतो.

आश्रमशाळेत किंवा खेड्यातील शाळेत महोत्सवाची वाट पाहण्याची गरजही नाही. हेच सहा प्रश्न मुलांनी घरी आई-आजीला विचारावेत आणि उत्तरे वर्गात मांडावीत. आहाराच्या धड्यातील तो नियमही मग थोडा बदलून फळ्यावर लिहिता येईल : लागवडीच्या पालेभाजीचे पाणी शक्यतो टाकू नये, रानभाजीच्या बाबतीत मात्र तिला ओळखणाऱ्या माणसाला विचारावे. आणि पुढच्या परीक्षेत एखाद्या मुलीने 'भारंगीचे पाणी टाकावे' असे कारणासह लिहिले, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.