सुईदोऱ्यावर उभा राहिलेला धंदा

आपल्या पूर्वेला बांगलादेश आहे. १९७१ साली तो स्वतंत्र झाला. तेव्हा तो फार गरीब होता. १९७४ साली तिथे मोठा दुष्काळ पडला. परदेशी विकायला माल म्हणजे मुख्यतः ताग आणि गोणपाट. पुढे प्लास्टिकची पोती आली, नि तागाचे गिऱ्हाईक घटले.

आता पाहा. २०२३ साली तयार कपडे परदेशी विकण्यात चीनच्या खालोखाल याच देशाचा नंबर लागला. कापूस तर तिथे फारसा पिकत नाही. मग हा धंदा आला कुठून?

१९७४ साली देशादेशांत एक करार झाला. कोणत्या देशाकडून किती कपडा घ्यायचा, याला श्रीमंत देशांना हद्द घालता येऊ लागली. दक्षिण कोरियाचे कारखाने मोठे. त्यांना ही हद्द आड आली. बांगलादेशावर मात्र त्या वेळी हद्द नव्हती, कारण तिथे असे कारखाने जवळजवळ नव्हतेच. कोरियाच्या देवू कंपनीने हे हेरले. बांगलादेशचे नूरुल कादर यांनीही हेरले. १९७८ साली दोघांचा करार झाला. कादर यांच्या कारखान्याचे नाव ‘देश गारमेंट्स’.

आधी काय केले? यंत्रे आणली? नाही. आधी माणसे शिकवली. १९७९ साली १३० माणसे कोरियातल्या बुसान शहरी गेली. कापड बेतणे, शिवणे, माल तपासणे, हिशेब ठेवणे, सारे सहा महिने शिकली. १९८० साली चट्टग्राम येथे कारखाना सुरू झाला. पहिल्या वर्षी ४३ हजार शर्ट निघाले. १९८७ साली तो आकडा २३ लाखांवर गेला.

तुम्ही विचाराल, भांडवलाचे काय? कापड परदेशातून आणायचे, तर पैसा लागणारच. इथे बँकेने वाट काढली. समजा, परदेशच्या व्यापाऱ्याने दहा हजार शर्ट मागवले. त्याची बँक लिहून देते, की ठरल्याप्रमाणे माल आला की पैसे देऊ. हा कागद तारण धरून इकडची बँक कापडवाल्याला हमी देते. मग कापड उधार मिळते. शर्ट जातात, पैसे येतात. त्यातून आधी कापडवाल्याचे फिटते. उरते त्यात मजुरी, खर्च आणि नफा. आपल्याकडे सोयरा जामीन राहतो, तसा इथे विक्रीचा कागदच जामीन राहिला!

पण तो कागद नीट वाचावा लागतो. माल पाठवायची तारीख चुकली, तर बँक पैसे अडवू शकते. तिथे अंगठेबहाद्दराचे काम नाही.

सरकारनेही मदत केली. बाहेर जाणाऱ्या मालासाठी आणलेल्या कापडावर जकात माफ केली. अट एकच. ते कापड वेगळ्या गोदामात ठेवायचे आणि त्याचा चोख हिशेब द्यायचा.

पुढे त्या १३० जणांपैकी बहुतेकांनी ती नोकरी सोडली. कुणी स्वतःचा कारखाना काढला, कुणी दुसऱ्याचा उभा करून दिला. दिव्याने दिवा लागला. खेड्यापाड्यांतल्या लाखो बायाबापड्या शहरात आल्या आणि मशीनवर बसल्या. स्वतःच्या कमाईचा पैसा त्यांच्या हाती आला.

मात्र याची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवणार नाही. ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. २३ एप्रिल २०१३ रोजी तिच्या भिंतींना तडे दिसले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपली माणसे घरी पाठवली. शिवणकामाच्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. त्या सकाळी इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक बायका होत्या. माल वेळेवर गेला पाहिजे, ही घाई माणसांच्या जिवावर उठली.

त्यानंतर परदेशी व्यापारी आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. कारखान्यांची तपासणी सुरू झाली. जिने, भिंती, विजेच्या तारा पाहिल्या गेल्या. पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण गेलेला जीव कोण परत आणणार?

म्हणून आम्ही म्हणतो, गावात चार जण मिळून धंदा काढाल, मग तो पापडाचा असो की शिलाईचा, तेव्हा आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. काम शिकून घ्या. कागद स्वतः वाचून मगच सही करा. आणि ज्या छपराखाली आपल्या लेकीसुना काम करतील, ते छप्पर पक्के आहे की नाही, हे सगळ्यांत आधी पाहा. नफा पुढच्या वर्षीही मिळेल. माणूस मिळत नाही.