माणच्या माळरानावरून रिओच्या अंतिम फेरीत

सातारा जिल्ह्याचा पश्चिम भाग पावसात न्हाऊन निघतो, त्याच वेळी पूर्वेकडील माण, खटाव आणि त्यांना लागून असलेला सांगली जिल्ह्यातील आटपाडी, जत हा पट्टा आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. पर्जन्यछायेतील या कोरडवाहू मुलखातील मोही हे माण तालुक्यातील एक गाव. तेथील शेतकरी कुटुंबात २ जून १९८९ रोजी जन्मलेल्या ललिता बाबर हिने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषाने चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठल्यानंतर तब्बल ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिम्पिकच्या ट्रॅकवरील वैयक्तिक अंतिम शर्यतीत उभी राहिली होती.

ललिताची पहिली ओळख मुंबईकरांना झाली ती मॅरेथॉनपटू म्हणून. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली आली. २०१५ मध्ये ओ. पी. जैशाने तिला मागे टाकले, तरी २ तास ३८ मिनिटे २१ सेकंद ही ललिताची वेळ आधीच्या तिन्ही विजयांपेक्षा कितीतरी सरस होती. तोपर्यंत तिने स्टीपलचेसची वाट धरली होती.

स्टीपलचेस ही केवळ वेगाची शर्यत नव्हे. तीन हजार मीटरच्या अंतरात धावपटूला २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा पार करावा लागतो. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर असते. साध्या अडथळा शर्यतीतील अडथळा पायाचा धक्का लागताच आडवा होतो. स्टीपलचेसचा जाड ओंडका मात्र जागचा हलत नाही, आदळतो तो धावपटूच. पाण्याच्या खड्ड्यात उतरल्यावर बूट ओले होतात, लय मोडते आणि ती पुन्हा जुळवताना श्वास खर्ची पडतो. त्यामुळे शेवटच्या दोन फेऱ्यांत कसोटी लागते ती दमसासाची. मॅरेथॉनने कमावलेला हाच दमसास ललिताच्या कामी आला.

महिलांच्या स्टीपलचेसला ऑलिम्पिकचे दार उघडले ते २००८ मध्ये, बीजिंग येथे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई क्रीडा स्पर्धेत सुधा सिंगने या प्रकाराचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर २०१४ मध्ये इंचॉन येथे ललिताने ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांची वेळ दिली. प्रथम आलेली बहारीनची रूथ जेबेत सुरुवातीला बाद ठरली, मग तो निर्णय फिरला आणि ललिताच्या वाट्याला कांस्यपदक आले. जून २०१५ मध्ये वुहान येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत मात्र ९ मिनिटे ३४.१३ सेकंदांसह तिने सुवर्णपदकावर नाव कोरले. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत तिने प्राथमिक फेरीत ९ मिनिटे २७.८६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत आठवे स्थान मिळविले. बेलारूसचे निकोलाय स्नेसारेव्ह हे या काळातील तिचे प्रशिक्षक. २०१६ चा अर्जुन पुरस्कारही तिला लाभला.

रिओत १३ ऑगस्टच्या प्राथमिक फेरीत ती आपल्या गटात चौथी आली. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता. परंतु ९ मिनिटे १९.७६ सेकंद ही वेळच इतकी चांगली होती की तिच्या बळावर तिला अंतिम फेरीचे तिकीट मिळाले. इंचॉनपासून दोन वर्षांत पंधरा सेकंदांहून अधिक सुधारणा! १५ ऑगस्टला, भारतात स्वातंत्र्यदिनाची सायंकाळ असताना, अंतिम शर्यत झाली. ललिताने ९ मिनिटे २२.७४ सेकंदांसह दहावा क्रमांक पटकावला. सुवर्णविजेत्या रूथ जेबेतची वेळ होती ८ मिनिटे ५९.७५ सेकंद. आशियाई यश आणि ऑलिम्पिक पदक यांतील दरी किती मोठी आहे, हे त्या २३ सेकंदांनी दाखवून दिले.

रिओनंतरच्या मोसमांत ललिता त्या उंचीवर पुन्हा दिसली नाही. पुढे राज्य शासनाने तिला उपजिल्हाधिकारी म्हणून सेवेत घेतले. तिचा राष्ट्रीय विक्रम सात वर्षे अबाधित राहिला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत तो मोडला.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. परंतु हेलसिंकीत १९५२ मध्ये कांस्यपदक जिंकणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव, २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक मिळविणारे आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी आणि मोहीची ललिता यांची नावे एका ओळीत ठेवली, की सातारा-सांगलीच्या मातीत गुणवत्तेची वाण नाही हे कळते. वाण आहे ती गावाजवळच्या धावपट्टीची आणि वेळेवर भेटणाऱ्या मार्गदर्शकाची. ती दूर झाली, तर पुढच्या अंतिम फेरीसाठी आणखी ३२ वर्षे थांबावे लागणार नाही.