छत्तीस प्रवचनांत दडलेला खून

माझ्या भाच्याच्या हातात शाळेच्या पुस्तकांखेरीज दुसरं पुस्तक मी फारसं पाहिलं नव्हतं. त्यामुळे एका रात्री तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे टक लावून, ओठ हलवत काहीतरी वाचतोय हे पाहून मी त्याच्यामागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर पिवळ्या पानांचं एक जुनाट पुस्तक उघडलेलं. म्हटलं, "अरे, तू तर गेम खेळत होतास ना?" तर म्हणतो, "मामू, गेमच खेळतोय. पण हे वाचल्याशिवाय खून कुणी केला ते कळायचं नाही."

त्या गेमचं नाव 'मोरोविंड'. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीनं 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतला हा तिसरा गेम २००२ मध्ये बाजारात आणला. तलवारी, जादू, अक्राळविक्राळ प्राणी असं सगळं त्यात आहेच. पण त्या कल्पित मुलखात घरांत, दुकानांत, देवळांत, अगदी चोरांच्या गुहांतही पुस्तकं पडलेली असतात. शेकडो पुस्तकं! उचलायचं, उघडायचं, पान उलटायचं. इतिहास, गोष्टी, धर्मग्रंथ, थोडा चावटपणासुद्धा. लिहिलेली कंपनीच्या लेखकांनीच; पण लेखक म्हणून नाव त्या मुलखातल्या कुणा पंडिताचं किंवा पुजाऱ्याचं.

यात एक गंमत आहे. काही पुस्तकं पहिल्यांदा उघडली की खेळाडूच्या कौशल्यात एका गुणाची भर पडते. त्यामुळे पुस्तक उघडायचं, गुण घ्यायचा आणि एक ओळही न वाचता मिटायचं, असा उद्योग करणारे पुष्कळ. परीक्षेपुरतं वाचणारे आमच्या वेळीही होते. मी बी. ए. कसा झालो ते इथं सांगत नाही.

आता त्या खुनाविषयी. नेरेव्हार नावाचा एक सेनापती फार पूर्वी लाल डोंगरावरच्या लढाईनंतर मेला. त्याची बायको आणि दोन सल्लागार, असे तिघं पुढे देव होऊन बसले. त्यांचं देऊळ झालं, पुजारी झाले, पहारेकरी झाले. देवळाचे ग्रंथ सांगतात, नेरेव्हार लढाईतल्या जखमांनी गेला. नेरेव्हारच्या एका साथीदाराच्या तोंडची हकिगत रानात तंबू ठोकून राहणाऱ्या टोळ्यांनी जपून ठेवली आहे. ती सांगते, या तिघांनीच त्याला मारलं. आणि खेळाडू कोण? तर त्याच नेरेव्हारचा पुनर्जन्म, असं त्याला सांगण्यात येतं. म्हणजे चौकशी स्वतःच्याच खुनाची.

मला यातलं आवडलं ते हे, की खरं काय ते सांगणारा ग्रंथ या खेळात कुठंच नाही. प्रत्येक पुस्तक कुणीतरी लिहिलंय आणि त्या लिहिणाऱ्याचा काहीतरी मतलब आहे. देवळाविरुद्ध गेलेल्या पुजाऱ्यांच्या एका पुस्तकावर तर बंदीच आहे. खेळाडूला ते पैदा करावं लागतं. ते मिळतं कुठं, तर जोबाशा नावाच्या दुर्मिळ पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे. हा जोबाशा मांजराच्या तोंडाचा आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानांत माझी अर्धी हयात गेली. असा दुकानदार भेटला नाही खरा, पण मागच्या फळीवरून नेमकं पुस्तक काढून देणारे भेटले आहेत.

सगळ्यांवर कडी केली आहे ती तिघांपैकी एका देवाच्या ग्रंथानं. त्याचं नाव व्हिव्हेक. तो कवीही आहे. त्याच्या नावावर छत्तीस प्रवचनं आहेत, छत्तीस वेगवेगळ्या पुस्तकांत, बेटभर विखुरलेली. प्रत्यक्षात ती मायकेल कर्कब्राइड यांनी लिहिली. भाषा गूढ, उलटसुलट, पहिल्या वाचनात धड अर्थ लागत नाही. पण एकोणतिसाव्या प्रवचनात आकड्यांची एक यादी येते. ते आकडे घेऊन प्रत्येक प्रवचनातला तितक्या क्रमांकाचा शब्द काढत गेलं, की देवाचा कबुलीजबाब तयार होतो: आपण जन्मानं देव नव्हतो, देवपण चोरलं, आणि खून केला. शिवाय शेवटच्या प्रवचनातल्या परिच्छेदांची पहिली अक्षरं जोडली, तर इंग्रजीत 'नीच खून' अशा अर्थाचे दोन शब्द होतात.

फारसी-उर्दूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि एखाद्या ओळीतून मृत्यूचं वर्ष काढता येतं. आपल्याकडेही चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, असं सांगून शक नोंदवत. ओळींच्या आद्याक्षरांत नाव गुंफण्याची हौस तर मीही केली आहे. पण नाव मिरवायला गुंफायचं असतं. इथं कवी आपला गुन्हा गुंफतो. आणि ही प्रवचनं उद्देशून आहेत ती ज्याला मारलं त्यालाच!

ही युक्ती भाच्याला मित्राकडून कळली होती. मग एका रविवारी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. मी आकडा सांगायचा, तो पडद्यावर बोट ठेवून शब्द मोजायचा. दोनदा चुकलो, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. ताई जेवायला हाका मारत होती. शेवटचे शब्द वहीत उतरले, तसा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामू, म्हणजे यानं मलाच मारलंय."

व्हिव्हेक त्याच्या महालात जमिनीपासून वर, अधांतरी बसलेला असतो. त्याला ठारही करता येतं. भाचा वही मांडीवर ठेवून बराच वेळ त्याच्यासमोर नुसता उभा राहिला. जेवण गार झालं.