चित्रवेड्याची गुणपत्रिका

चित्रपट पाहून आलो की त्याला गुण देण्याची मला जुनी खोड आहे. एका लांबट वहीत डावीकडे चित्रपटाचे नाव, मध्ये साल आणि उजवीकडे शंभरांपैकी गुण, असा हा हिशेब. नोकरीतल्या बदल्या, घराची वाटणी आणि दोनदा लागलेली वाळवी यांतून ती वही बचावली. मात्र तिच्यात एक दोष राहून गेला होता आणि तो माझ्या ध्यानात कधी आला नव्हता. गेल्या वर्षी तो कळला आणि उतारवयात मला पुष्कळ गुण खोडावे लागले. हा दोष माझ्या एकट्याचा असता तर येथे त्याची वाच्यता केली नसती. परंतु शिंदेशाहीच्या मागून शिप्रेकाठी येऊन स्थिरावलेल्या आपल्या बहुतेक घरांत तो थोडाफार असावा, अशी माझी समजूत आहे.

तो दाखवून दिला माझ्या नातीने. ती कॉलेजात जाते, मैत्रिणींशी हिंदीत बोलते, आणि मराठी वाचते ती अडखळत, पण वाचते. एकदा वही चाळता चाळता ती म्हणाली, "आजोबा, 'विक्रमादित्य'ला ऐंशी आणि 'कुंकू'ला पंचाहत्तर? विक्रमादित्य आपल्या उज्जैनचा म्हणून का?"

"अगं, तसं नाही," मी म्हणालो खरा. पण तसेच होते.

'विक्रमादित्य' हा १९४५ सालचा बोलपट. विक्रम संवताला दोन हजार वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास पंडित सूर्यनारायण व्यासांनी सारे उज्जैन जागे केले होते. त्याच वातावरणात प्रकाश पिक्चर्सच्या विजय भट्टांनी हा बोलपट काढला आणि पृथ्वीराज कपूर विक्रमादित्य झाले. आपल्या गावचा राजा पडद्यावर आला, त्या आनंदात ऐंशी गुण गेले. आता शांतपणे विचार करता असे वाटते की, पृथ्वीराजांची देहयष्टी आणि आवाज यांना तोड नाही, दरबाराचा थाटही डोळ्यांत भरतो. परंतु आजीने सांगितलेल्या सिंहासनबत्तिशीतला विक्रम जसा जवळचा वाटतो तसा हा वाटत नाही. त्याला नमस्कार करावासा वाटतो, त्याची काळजी मात्र वाटत नाही. पंचावन्न गुण पुरेत.

'कुंकू'ची गोष्ट याच्या उलट आहे. प्रभातचा हा १९३७ सालचा बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम, कथा नारायण हरी आपट्यांची. फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा तो विवाह मनाने मान्य करीतच नाही, एवढेच कथानक. शांता आपट्यांचा तो ताठ बाणा आणि केशवराव दात्यांच्या काकासाहेबांची हळूहळू खचत जाणारी ऐट यांची जोडी पाहून आजही जीव गुदमरतो. पार्श्वसंगीत नाही, घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे ऐकू येतात, आणि भिंतीवरचे घड्याळ जणू एक पात्र होऊन बसते. मग पंचाहत्तरच का? कारण आमच्याच घराण्यात असा एक विवाह झाला होता आणि त्याचा उच्चार कोणी करीत नसे. बोलपट खरे बोलला, म्हणून मी त्याचे गुण कापले होते! आता नव्वद दिले आहेत. उरलेले दहा शेवटासाठी ठेवले. काकासाहेबांनी स्वतःचा जीव देऊन वाट मोकळी केली; पण ते जिवंत असते तर नीरेने काय करावयाचे होते, या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले.

गावाचा अभिमान आणि घराची लाज या दोन गोष्टींनी माझी तराजू अशी कलली होती. दुरुस्ती करावयाची तर एखादा आदर्श हवा, म्हणून मी गजानन जागीरदारांचे रामशास्त्री डोळ्यांपुढे ठेवले. १९४४ सालच्या त्या बोलपटाचे दिग्दर्शन जागीरदार, विश्राम बेडेकर आणि राजा नेने अशा तिघांच्या हातून झाले. त्याचा सांधा कोठे कोठे जाणवतो, म्हणून चौऱ्याऐंशी. परंतु ज्या पेशव्यांच्या पदरी आपण न्यायाधीश, त्यांच्याच घरच्या पुरुषाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो स्वर विसरता येत नाही. जवळच्याला वेगळे माप लावावयाचे नाही, एवढा धडा आम्हां हौशी परीक्षकांनी त्याच्याकडून घेतला तरी पुरे.

त्या मापाने 'शेजारी' (१९४१) ब्याऐंशीवर राहिला. दात्यांचा जीवबा आणि जागीरदारांचा मिर्झा बुद्धिबळाचा पट मांडून बसतात, त्या साध्या प्रसंगात हिंदु-मुसलमानांचा शेजार जितका पटतो, तितका शेवटी फुटणाऱ्या धरणाच्या प्रचंड देखाव्याने पटत नाही. 'शकुंतला'ला (१९४३) पूर्वी शहाऐंशी होते, कारण कालिदास आपला. शांतारामबापूंच्या राजकमलचे हे पहिले चित्र. मुंबईच्या स्वस्तिक चित्रगृहात ते एकशेचार आठवडे चालले. जयश्रीबाईंची शकुंतला गोड आहे, चंद्रमोहन यांच्या डोळ्यांत राजाचा दरारा आहे. पण कालिदास जेथे एका शब्दावर थांबतो तेथे चित्रपट सजावट करतो. सत्तर.

'संत तुकाराम'चे पंचाण्णव मात्र जसेच्या तसे राहिले. तो आपला म्हणून मोठा नव्हे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव करणाऱ्यांना ना देहू ठाऊक होते ना मराठी. दामले-फत्तेलालांनी १९३६ साली काढलेल्या या बोलपटात विष्णुपंत पागनीस गाताना अभिनय करीत आहेत असे वाटतच नाही. शांताराम आठवल्यांनी चित्रासाठी लिहिलेले गीत पुष्कळांना तुकोबांचा अभंग वाटते, यातच सारे आले. परंतु माझ्या मते अर्धे गुण गौरीच्या जिजाईचे. पोर आजारी पडल्यावर हाती वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरणारी ती बाई वैकुंठाच्या विमानापेक्षा खरी आहे. सालोमालोचे सोंग थोडे भडक झाले, त्याचे पाच गुण गेले.

आता सर्वांत अवघड उत्तरपत्रिका. 'श्यामची आई'ला माझ्या वहीत अठ्ठ्याण्णव होते. आचार्य अत्र्यांचा हा चित्रपट १९५३ सालचा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली प्रथमच देण्यात आले, ते याला. साने गुरुजींची आई झालेल्या वनमालाबाई तर उज्जैनच्याच! १९१५ साली त्या येथे पवारांच्या घरात जन्मल्या. वडील ग्वाल्हेर संस्थानात मोठ्या हुद्द्यावर. मुलगी शिकली ग्वाल्हेरला, पुण्यात अत्र्यांच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तेथून पडद्यावर गेली. 'सिकंदर'मध्ये (१९४१) पृथ्वीराजांसमोर त्या रुखसाना होत्या. १९४२ साली तर 'वसंतसेना' होऊन मृच्छकटिकातल्या उज्जयिनीत पुन्हा माहेरी आल्या. असे हे माहेरचे माणूस, त्यात गुरुजींची आई, त्यात गणपतीत कापडी पडद्यावर माझ्या आईच्या मांडीला टेकून पाहिलेला चित्रपट! गुण कापणार कोण?

नात म्हणाली, "आजोबा, हे गुण चित्रपटाला दिलेत की पणजीआजीला?"

मी तो पुन्हा पाहिला, तिच्या शेजारी बसून. कितीतरी प्रसंग धड्यासारखे वाटले. उपदेश जरा मोठ्याने होतो, आणि पुष्कळदा कॅमेरा नाटकातल्या पहिल्या रांगेत बसून राहिल्यासारखा वाटतो. पण वनमालाबाई स्वतः? ही आई प्रेक्षकांकडे अश्रू मागत नाही. मुलावर रागावताना तिचा आवाज कडक असतो, नजर मात्र त्याच्या अंगाला जपत असते. माधव वझ्यांचा श्याम तीच नजर शोधीत असतो. राजकन्येची आणि गणिकेची वस्त्रे ल्यालेल्या बाईंनी येथे विरलेल्या लुगड्यात जी अदब ठेवली, ती शिकवून येत नाही. चित्रपटाला अठ्ठ्याहत्तर आणि वनमालाबाईंना पंचाण्णव, असे दोन आकडे मी लिहिले. वीस गुण खोडताना हात जड झाला, हे कबूल करतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या घरांना आपले जपावे लागते, म्हणून आपण आपल्या सर्वच वस्तूंची सरसकट स्तुती करीत आलो. त्यात आपला हेतू वाईट नव्हता. पण जो परीक्षक सगळ्यांनाच अठ्ठ्याण्णव देतो, त्याचा अठ्ठ्याण्णवावरचा विश्वास उडतो. आणि मग खरोखर पंचाण्णवाचे असलेले चित्र दाखवावयाला गेलो तरी मुले उठून जातात. 'आपले' म्हणजे 'आजोबा उगीच वाखाणतात ते', असा अर्थ त्यांच्या मनात बसतो.

मी वीस गुण खोडले ते नातीने पाहिले होते. पुढच्या रविवारी ती आपण होऊन म्हणाली, "तुम्ही एवढे कडक असून ज्याला पंचाण्णव ठेवलेत, तो तुकाराम दाखवा बघू." आम्ही पाहिला. जिजाई देवळात शिरली तेव्हा तिच्या हातातला मोबाईल बाजूला पडला होता. शेवटी तिने माझी वही ओढून घेतली आणि माझ्या आकड्याशेजारी स्वतःच्या अक्षरात सत्त्याण्णव लिहिले. ते जादा दोन गुण सालोमालोला कसे मिळू शकतात, यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.