एका वर्षाची राणी

सावंतवाडीच्या गंजिफांत राणी नाहीं. हीं वाटोळीं, रंगविलेलीं पानें ज्यांनीं हातांत धरलीं असतील त्यांस हें सांगावयास नको. दशावतारी गंजिफेंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाचीं बारा पानें, एकूण 120. प्रत्येक रंगांत एक राजा आणि एक प्रधान. बाकीचीं दहा पानें एक्क्यापासून दश्शापर्यंत. राणी आपल्या घरांत आली ती विलायती पत्त्यांबरोबर.

इकडील जत्रांचेंही थोडेंफार तसेंच. देवदिवाळीच्या सुमारास गांवोगांवच्या देवळांपुढें दशावतारी नाटकें सुरू होतात. त्यांत भरजरी शालू नेसून रात्रभर राणी म्हणून वावरणारी व्यक्ति परंपरेनें पुरुष असते. उजाडतां उजाडतां तोंडावरचा रंग पुसून तीच व्यक्ति मंडळीसह पुढच्या गांवची वाट धरते. राज्य काय तें एका रात्रीचें. असें असल्यामुळें, सुंदर मुली ओळीनें उभ्या कराव्या, पंचांनीं त्यांतून एक निवडावी आणि मुकुट घालून वर्षभर तिला राणी म्हणावें, ही चाल आमच्याकडील जुन्या माणसांस चमत्कारिक वाटल्यास नवल नाहीं. तरी ती समजून घेण्याजोगी आहे खरी. त्यांतून जगत्सुंदरीचें (मिस वर्ल्ड) पद मिळविणारी पहिली आशियाई स्त्री आमच्या उंबरठ्याला लागून असलेल्या गोमंतकांतील कुळाची होती. म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

प्रथम या चालीचें मूळ पाहूं. अमेरिकेंत जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकऱ्यांच्या जत्रा भरतात. तेथें बैलांस, डुकरांस, भोपळ्यांस आणि मुरंब्यांस बक्षिसें मिळतात, आणि पुष्कळदां त्याच मांडवांत वर्षाची राणीही निवडतात. मिनेसोटा राज्यांतील दुग्धव्यावसायिकांनीं 1954 पासून अशी एक राजकन्या निवडण्याचा प्रघात पाडला. राज्याच्या मोठ्या जत्रेंत तिला थंडगार काचेच्या खोलींत बसवितात आणि नव्वद पौंड लोण्याच्या ठोकळ्यांतून तिचा मुखवटा कोरतात. तें लोणी मागाहून तिचेंच. मग वर्षभर तिनें शाळांतून व सभांतून जाऊन दुधादह्याचे गुण सांगावयाचे. आम्हांस ही लोण्याची राजकन्या त्यांतल्या त्यांत बरी वाटते. तिच्या राज्याचें प्रयोजन काय तें निदान स्पष्ट आहे. अटलांटिक सिटी या समुद्रकांठच्या शहरांत 1921 सालीं जी अमेरिकासुंदरी निवडण्यास आरंभ झाला, तिच्या मुळाशीं तेथील व्यापाऱ्यांचा एवढाच विचार होता कीं, उन्हाळा सरला तरी पाहुणे आणखी कांहीं दिवस राहावे. जगत्सुंदरीची गोष्टही याहून निराळी नाहीं. 1951 सालीं ब्रिटनमध्यें मोठा राष्ट्रीय महोत्सव झाला, त्या निमित्तानें नृत्यगृहें चालविणाऱ्या मेक्का कंपनीच्या एरिक मॉर्ले यांनीं लंडनांत ही स्पर्धा भरविली. एकदांच व्हावयाची ती दरवर्षींची झाली.

आपल्या वाङ्मयांत अशी स्पर्धा शोधूं गेल्यास ती सांपडते, पण उलटी. रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत इंदुमतीच्या स्वयंवरास राजे जमले आहेत; कोणी मुकुट सावरतो, कोणी हातांतलें कमळ फिरवितो. सुनंदा एकेकाचें कुळ, राज्य आणि पराक्रम सांगत पुढें चालली आहे आणि इंदुमती पाहून पुढें सरकत आहे. तेथें ओळींत उभे राहण्याची व नाकारलें जाण्याची पाळी पुरुषांवर होती. पाली ग्रंथांत मात्र ‘जनपदकल्याणी’ असा शब्द येतो, तो आमच्या विषयास अधिक जवळचा. साऱ्या जनपदांत जी सर्वांत सुंदर ती जनपदकल्याणी. संयुत्तनिकायांत असा दृष्टांत आहे कीं, जनपदकल्याणी नाचत-गात आहे हें ऐकून लोकांची एकच दाटी झाली आहे, आणि त्या दाटींतून एका मनुष्यास कांठोकांठ भरलेलें तेलाचें पात्र न्यावयाचें आहे. मागें तरवार उपसलेला मनुष्य. थेंब सांडला कीं मस्तक उडालें. भिक्षूंनीं आपलें चित्त कसें राखावें हें सांगण्यासाठीं बुद्धांनीं हा दृष्टांत योजिला. तो वाचतांना आमच्या मनांत नेहमीं येतें कीं, त्या पात्रवाल्याची काळजी सर्वांस; जिच्यासाठीं ही दाटी झाली तिची विचारपूस कोणीं केली नाहीं.

ती आतां करूं. कुमारी रीटा फारिया यांचा जन्म 1943 सालीं मुंबईस झाला. आईवडील गोमंतकीय ख्रिस्ती. 1966 सालीं त्या मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत डॉक्टरकीचें शिक्षण घेत होत्या. ‘ईव्हज वीकली’ या स्त्रियांच्या इंग्रजी साप्ताहिकानें भरविलेल्या स्पर्धेंत त्या गंमत म्हणून उतरल्या, आधीं मुंबईची व मग भारताची सुंदरी ठरल्या, आणि लंडनास जाण्याची वेळ आली. तेव्हां देशाची स्थिति काय होती, हें तरुण वाचकांस ठाऊक नसेल. 6 जून 1966 रोजीं रुपयाचें अवमूल्यन झालें होतें. तोंवर 13 रुपये 33 पैशांस पडणारा पौंड एका दिवसांत 21 रुपयांचा झाला. परदेशीं जाणाऱ्या साध्या प्रवाशास बरोबर नेतां येत ते तीन पौंड, म्हणजे नव्या भावानें अवघे 63 रुपये. कुमारी फारिया तेवढेच घेऊन निघाल्या. कपडे उसने आणलेले. साडी मैत्रिणीची आणि पोहण्याचा पोशाखही दुसऱ्या सौंदर्यस्पर्धकाकडून मागून घेतलेला. आपल्याकडे लग्नकार्यास जातांना शेजारणीची पाटली घालून जाण्याची चाल होतीच, त्यामुळें या उसनवारीचें आमच्या वाचकभगिनींस मुळींच आश्चर्य वाटूं नये.

17 नोव्हेंबर 1966 रोजीं लंडनांतील लायसियम नाट्यगृहांत 51 देशांच्या युवतींतून त्यांची निवड झाली. वय 23 वर्षांचें. सायंकालीन पोशाखाचा मानही त्यांनाच मिळाला, तो साडीबद्दल. गाऊन शिवून घेण्यास पैसे असते तर कदाचित् ही गोष्ट घडली नसती.

येथपर्यंतची हकीकत वर्तमानपत्रें सांगतात. खरी कसोटी पुढें आहे. या पदाची राणी कोणास आज्ञा करीत नाहीं, तिला आज्ञा होत असतात. मुकुट जी संस्था देते तिच्याशीं करार, बरोबर देखरेखीस बाई, आज या शहरीं दुकानाचें उद्घाटन, उद्यां त्या देशीं मेजवानी, परवां छायाचित्रकारापुढें उभें राहणें, आणि हें सर्व हंसत. पोट दुखलें तरी हंसत. ज्या विद्यार्थिनीचीं वर्षें प्रेतविच्छेदनाच्या टेबलाशीं आणि रुग्णांच्या खाटांपाशीं गेलीं, तिला हें कसें वाटलें असेल याची कल्पना ज्यानें त्यानें करावी.

तेलाचा थेंब सांडण्याचा प्रसंग महिन्याभरांतच आला. अमेरिकन विनोदी नट बॉब होप हे दरवर्षीं नाताळांत सैनिकांच्या करमणुकीसाठीं नट-नटींचा ताफा घेऊन जात. 1966 च्या डिसेंबरांत ते व्हिएतनामांत गेले आणि नवी जगत्सुंदरी त्या ताफ्यांत होती. इकडे भारतांत टीका झाली. ती अगदींच निष्कारण नव्हती. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनामसाठीं जें आंतरराष्ट्रीय नियंत्रण मंडळ नेमलें गेलें त्याचें अध्यक्षपद भारताकडे होतें. त्या देशांत एका पक्षाच्या सैन्यापुढें भारताच्या सुंदरीनें उभें राहावें हें मध्यस्थाच्या घरच्यानें एका वादीकडे जेवावयास जाण्यासारखें दिसत होतें. पण आमचें मत विचाराल तर या प्रकरणांत दोष द्यावयाचा तो त्या मुलीस नव्हे. तिच्या नांवापुढें देश लावला तो इतरांनीं, तिला विमानांत बसविलें तें इतरांनीं. जिला तीन पौंडांपलीकडे देशानें कांहीं दिलें नव्हतें, तिच्याकडून परराष्ट्रधोरणाची अपेक्षा मात्र पुरेपूर केली गेली.

त्याच हिवाळ्यांत, 16 जानेवारी 1967 रोजीं, गोव्यांत जनमतकौल झाला. महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं वेगळें राहावें या प्रश्नानें सीमेच्या दोन्ही बाजूंचीं घरें ढवळून निघालीं होतीं. वेगळें राहण्याच्या बाजूनें 34,021 मतें अधिक पडलीं. आमच्या वडिलांच्या पिढीस तो कौल जन्मभर आठवत राहिला. जगत्सुंदरीचें नांव त्यांच्या तोंडून आम्हीं क्वचितच ऐकलें, आणि ऐकलें तेंही किंचित् नाक मुरडून.

हें नाक मुरडणें आम्हांस तपासून पाहावेसें वाटतें. 20 नोव्हेंबर 1970 रोजीं लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्यें हीच स्पर्धा चालू असतां कांहीं स्त्रियांनीं व्यासपीठावर पिठाच्या पुड्या फेंकल्या. त्या वेळीं सूत्रसंचालनास हेच बॉब होप उभे होते. हा गुरांचा बाजार आहे, असा त्या स्त्रियांचा आक्षेप. आपल्यापैकीं अनेकांनीं त्या आक्षेपास मान डोलविली असती. पण मान डोलविण्यापूर्वीं आपल्या माजघरांतील ती सतरंजी आठवावी. ‘मुलगी पाहण्याचा’ कार्यक्रम म्हणजे काय होता? चार वडीलधारे परीक्षक लोडाशीं टेकून बसलेले. मुलीनें पोह्यांच्या बशा घेऊन यावयाचें, म्हणजे चाल कळते. नांव विचारावयाचें, म्हणजे वाणी कळते. सुईंत दोरा ओंवावयास सांगावयाचें, म्हणजे दृष्टि कळते. उंची मापण्यासाठीं घरच्या बाईशेजारीं उभें करावयाचें. रंगाचा न्याय खिडकीच्या उजेडांत. लंडनांत निदान ओळींत उभे राहणें स्पर्धकाच्या खुषीचें होतें, आणि हरणाऱ्या पन्नासजणींस कोणीं दोष दिला नाहीं. इकडे नाकारलेल्या मुलीच्या घरीं ‘पत्रिका जमत नाही’ एवढ्या तीन शब्दांचें कार्ड येई, आणि पत्रिका तर आधींच पाहिलेली असे. मग तें कार्ड फडताळांत ठेवून देऊन पुन्हां दुसऱ्या स्थळासाठीं तीच साडी, तेच पोहे. अशा पंधरा-पंधरा स्थळांपुढें बसलेल्या स्त्रिया आमच्या माहितींत आहेत. त्यांच्यापैकीं कोणी पीठ फेंकलें नाहीं.

गेल्या वर्षीं हा विषय आमच्याच घरांत निघाला. आमच्या धाकट्या बंधूंची नात कॉलेजांत आहे. स्नेहसंमेलनांत ‘राणी’ निवडावयाची होती आणि मैत्रिणींनीं तिचें नांव घातलें. सायंकाळीं ओसरीवर चर्चा झाली. बंधूंचें म्हणणें नको, सूनबाईंचें म्हणणें काय हरकत आहे, मुलाचें म्हणणें तुम्ही सर्व ठरवाल तसें. आमच्या काकू नव्वदीच्या घरांत आहेत. त्यांनीं सर्वांचें ऐकून मुलीलाच विचारलें, “राणी झाल्यावर पुढें काय गो करायचें?” मुलगी म्हणाली, “कांहीं नाहीं, आजी. फोटो.” काकू म्हणाल्या, “मग हो. पण रात्रीचा भात सोडूं नको.”

तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं पोर पंधरा दिवस जेवत नव्हती. ओसरीवरील आम्हां पुरुषांच्या वादांत शील होतें, संस्कृति होती, पाश्चात्त्यांचें अनुकरण होतें. तिच्या ताटाकडे पाहिलें होतें तें एका काकूंनीं. स्पर्धा झाली, मुलगी दुसरी आली, भात पुन्हां सुरू झाला. मात्र आरशासमोर उभी राहून ती अजून मधूनमधून आपली हनुवटी निरखीत असते. तिच्या आईनें तिच्यासाठीं आणलेली गोरेपणाची मलमाची नळी काकूंनीं कोठें टाकली तें घरांत कोणासही ठाऊक नाहीं.

कुमारी फारिया यांच्याविषयीं आमचा आदर वाढला तो मुकुट उतरल्यानंतरच्या वर्तनानें. 1967 च्या नोव्हेंबरांत पेरू देशाच्या युवतीस पद देऊन त्या मोकळ्या झाल्या. चित्रपटांचीं बोलावणीं आलीं होतीं. त्यांच्यानंतरच्या कितीतरी सुंदरींनीं तीं स्वीकारलीं, आणि त्यांत आम्ही कांहीं वाईट मानीत नाहीं. नूतनबाई समर्थ यांनींही तरुणपणीं मसुरीस असा मान मिळविला होता, आणि पुढें त्यांनीं पडद्यावर जें काम केलें तें सौंदर्याच्या फार पलीकडचें होतें. फारिया यांनीं बोलावणीं नाकारलीं आणि डॉक्टरकीचीं पुस्तकें पुन्हां हातीं घेतलीं. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयांत त्या शिकल्या. ज्या शहरानें त्यांस दिव्यांच्या झगमगाटांत पाहिलें होतें, त्याच शहरांत विद्यार्थिनी म्हणून वावरणें सोपें गेलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. कुमारसंभवांतील पार्वतीनें मदनदहनानंतर आपल्या रूपाला मनांतल्या मनांत बोल लाविला आणि ती तपास निघाली. पाठ्यपुस्तकांतील तो सर्ग शिकवितांना मुलें नेहमीं विचारीत, रूप असतां तप कशाला? आतां त्यांस सांगावयास एक अर्वाचीन उदाहरणही आहे, फक्त हिनें रूपाला बोल लाविला असें दिसत नाहीं. वर्षभर त्याचें काम केलें आणि नंतर दुसऱ्या कामास लागली.

1971 सालीं डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. 1973 सालीं उभयतां आयर्लंडांत डब्लिन येथें राहावयास गेलीं, आणि तेथें त्यांनीं आपला वैद्यकीचा व्यवसाय केला. 1976 सालीं लंडनांत जगत्सुंदरीची निवड करणाऱ्या पंचांत एक खुर्ची त्यांची होती. त्या वर्षीं मुकुट जमैकाच्या युवतीस मिळाला.