फोर्ट विल्यम, विजयदुर्ग आणि कोरडवाहू चवळी

हुगळीच्या काठावरील फोर्ट विल्यम या कोलकात्याच्या किल्ल्याचे डिसेंबर २०२४ मध्ये नामांतर झाले. भारतीय सेनेच्या पूर्व विभागाचे हे मुख्यालय आता ‘विजय दुर्ग’ या नावाने ओळखले जाते. हे नाव घेतले आहे ते आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, मराठा आरमाराचे ठाणे असलेल्या विजयदुर्गावरून. मराठी भाषेचा फोर्ट विल्यम या नावाशी असलेला संबंध मात्र त्याहून बराच जुना आहे. लॉर्ड वेलस्ली यांनी १८०० मध्ये स्थापन केलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरी हे मराठीचे अध्यापन करीत. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी शब्दकोश सिद्ध केला.

भाषापंडित म्हणून परिचित असलेल्या कॅरींनी १८२० मध्ये कोलकात्यात कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. देशी पिकांचे वाण सुधारावेत, शेतकऱ्यापर्यंत चांगले बियाणे पोहोचावे, हा तिचा हेतू होता. तत्पूर्वी फोर्ट विल्यम येथील लष्करी अधिकारी रॉबर्ट किड यांनी १७८६ मध्ये वनस्पती उद्यानाची सूचना सरकारपुढे ठेवली होती. १७७० च्या भीषण दुष्काळाची स्मृती तोवर पुसली गेली नव्हती. साबुदाण्याचा ताड परदेशातून आणून लावावा, म्हणजे दुष्काळात अन्नाचा आधार होईल, अशी किड यांची कल्पना होती. पुढील वर्षी शिबपूरचे उद्यान उभे राहिले. दुष्काळावरचा तो उपाय मात्र साबुदाण्यातून साधला नाही.

कमी पाण्यात अन्न देणारे एक पीक तोवर या भूमीत कित्येक शतके रुळलेले होते. मूळची आफ्रिकेची चवळी इसवी सनापूर्वीच भारतात आली आणि इतकी घरची झाली, की सडपातळ मुलीला ‘चवळीची शेंग’ म्हणताना हे पीक परदेशी असल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. गोमंतकात तिला अळसांदे म्हणतात, बंगालीत बरबटी.

अवर्षणाला तोंड देण्याची चवळीची रीत पाहण्यासारखी आहे. तिचे सोटमूळ खोल जाते. जमिनीतील ओल कमी होऊ लागताच पानांवरील रंध्रे लवकर मिटतात व बाष्पीभवन आवरले जाते. पसरणारा पर्णसंभार जमीन झाकतो, त्यामुळे ओल टिकते आणि तणही दबते. मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. त्याचा काही अंश पुढील पिकाला मिळतो. दाण्यात प्रथिनांचे प्रमाण सुमारे २३ ते २५ टक्के असते. एवढे गुण असूनही कोरडवाहू शेतात चवळीला बहुधा बांधाकडेची जागा, उरलेले बी आणि उरलेले लक्ष मिळते.

कोरडवाहू शेतीचा शास्त्रशुद्ध विचार महाराष्ट्रात नवा नाही. सोलापूरचे संशोधन केंद्र १९३३ मध्ये सुरू झाले आणि ना. वि. कानिटकर यांचा या विषयावरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. बांधबंदिस्ती, दोन ओळींतील अंतर वाढविणे, बियाणे कमी वापरणे आणि वारंवार कोळपणी करून ओल राखणे, ही त्या पद्धतीची सूत्रे चवळीलाही लागू पडतात.

पहिली सुधारणा बियाण्यात हवी. घरचे मिश्र बी पेरले, की काही झाडे वेलावतात, काही लवकर पिकतात आणि तोडणी महिनाभर रेंगाळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘कोकण सदाबहार’ हा वाण साधारणतः ६० ते ६५ दिवसांत तयार होतो. ‘कोकण सफेद’ पांढऱ्या, टपोऱ्या दाण्यासाठी पसंत केला जातो. पाऊस लवकर आटोपणाऱ्या प्रदेशात या अल्प मुदतीचे मोल मोठे आहे. कोकणात तर भातकापणीनंतर खाचरात उरलेल्या ओलीवरही चवळी साधते.

हेक्टरी १५ ते २० किलो बियाणे पुरते. १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यातून चोळून ते सावलीत सुकवावे. बुरशीनाशक लावायचे असल्यास ते आधी लावावे. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर अंतर ठेवावे. हेक्टरी २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद पेरणीच्या वेळीच द्यावे. जादा युरिया दिल्यास पाला माजतो आणि शेंगा कमी धरतात. हिरवेगार शेत पाहून सुखावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. फुलोऱ्यात व शेंगा भरताना एक संरक्षित पाणी देता आले, तर उत्पादनात लक्षणीय फरक पडतो. शेततळ्याचा खरा उपयोग तेथेच आहे. मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो, तेव्हा पिकाची पाहणी आठवड्यातून एकदा तरी व्हावी.

खरे नुकसान मात्र पुष्कळदा शेतात नव्हे, घरात होते. भुंगेरा शेतातच शेंगेवर अंडी घालतो, ती कीड दाण्यासोबत कणगीत येते आणि काही महिन्यांत चवळीचा भुसा करते. या धास्तीने शेतकरी काढणीनंतर लगेच, म्हणजे भाव सर्वांत पडलेला असताना, माल विकून टाकतो. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर यांप्रमाणे चवळीला किमान आधारभूत किंमत नाही. त्यामुळे साठवणूक हाच तिचा आधारभाव होय. दाणे कडक उन्हात वाळवून, किलोमागे ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवण्याची गृहिणींची पद्धत शास्त्रसंमत आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातील संशोधकांनी चवळीसाठीच तिहेरी थैली तयार केली. आत प्लास्टिकच्या दोन हवाबंद पिशव्या, बाहेर विणलेले पोते. आतील प्राणवायू संपत आला, की कीड खाणे थांबवते व मरते. औषध लागत नाही. गोदाम पावतीच्या तारणावर मिळणारे कर्ज मोठ्या मालास उपयोगी पडते. दोन-तीन क्विंटल पिकविणाऱ्यास अशी एखादी थैली अधिक जवळची.

३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी६० यानाबरोबर चवळीचे आठ दाणे अंतराळात गेले आणि चार दिवसांत त्यांना कोंब फुटले. कोरडवाहू शिवारात मात्र चांगल्या वाणाचे बियाणे वेळेवर मिळण्यासाठी शेतकऱ्याला आजही तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. पेरणीपूर्वी, मे महिन्यातच, कृषी विज्ञान केंद्र वा विद्यापीठाच्या बियाणे विक्री केंद्राकडे मागणी नोंदविलेली बरी.